कूलर बंद करून गायलेली नऊ गाणी

बाई,

मला आठ दिवस बोलायची बंदी आहे, म्हणून लिहिते आहे. आजचा पाचवा. स्वरतंतूवर बारीकशी गाठ होती, ती काढली. काढलेला तुकडा तपासायला गेलाय, त्याचा निकाल सोमवारी येईल आणि सोमवारीच डॉक्टर मला तोंड उघडायला लावतील. तोवर कुजबुजायचंसुद्धा नाही, कुजबुजण्यानं म्हणे गळ्याला जास्त ताण पडतो. घरात माझ्या हाताशी एक पांढरी पाटी ठेवली आहे. तिच्यावर मी ‘मीठ कमी’, ‘दार लावा’ आणि ‘नको’ एवढंच लिहिते. मला आठ दिवस गप्प बसवणारा माणूस तुम्हाला एकदा पाहायला आवडला असता. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली, मी अठ्ठावन्नची झाले, आणि तरी तुम्हाला लिहायला बसले की परकराच्या ओच्यात चिंचा लपवलेली आठवीतली मुलगी होते.

सांगायचं आहे ते तुमच्या नऊ गाण्यांचं. भुलाबाईची गाणी अकोल्यात गल्लोगल्ली होतीच, पण त्यांतल्या सासू-नणंदांच्या गाऱ्हाण्यांचा तुम्हाला कंटाळा होता, म्हणून तुम्ही शाळेसाठी स्वतःची नऊ रचलीत. चालीही तुमच्याच. कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी बसलेले आहेत, आम्ही तीस-पस्तीस मुली शाळेच्या व्हरांड्यात गोल धरून टिपऱ्या वाजवतो आहोत, आणि गाणी संपली की झाकलेला डबा हलवून एकमेकींना खिरापत ओळखायला लावतो आहोत. ती गाणी तुम्ही कधी कागदावर उतरू दिली नाहीत. ‘कागदावर शब्द राह्यते, चाल पयून जाते,’ म्हणायच्या. शिकवताना तुमची भाषा पुस्तकी असायची, पण राग आला किंवा गाण्यात शिरलात की अस्सल वऱ्हाडी. तुमच्यानंतर त्या शाळेत गाण्याचा तासच उरला नाही.

आठवीतल्या कोजागिरीला काय झालं ते तुम्हीही विसरला नसाल. पाहुणे बसले होते, मी पुढे होते, आणि सहाव्या गाण्यात एक ओळ डोक्यातून साफ गेली. मी थांबले नाही. तिथल्या तिथं स्वतःची एक ओळ जुळवली आणि ठोकून दिली. यमक बसलं, पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, मी तर हवेत. कार्यक्रम संपल्यावर तुम्ही मला पाण्याच्या टाकीजवळ गाठलंत.

‘कोनाची ओळ होती ते?’

‘माझी, बाई.’

‘विसरली तर थांबाचं. लोक थांबते. मनचं घालाचं नाई.’

पुढचे आठ दिवस मी फक्त टिपऱ्या वाजवायच्या, गायचं नाही, अशी शिक्षा झाली. मी घरी जाऊन रडले आणि आईला सांगितलं की बाई माझ्यावर जळतात. मग लग्न होऊन, नोकरी लागून मी अमरावतीला निघाले, तेव्हा तुम्ही मला तुमच्या स्वतःच्या टिपऱ्या दिल्यात, सेमाडोहकडून आणलेल्या सागाच्या, एकीच्या टोकाला चीर गेलेली. आठ दिवस मला ज्या वाजवायला लावल्या होत्या, त्याच. मी नमस्कार केला आणि त्या पिशवीत टाकल्या.

तर गेल्या महिन्यात आवाज बसला तो सुटेना. डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाले, गाठ काढावी लागेल, बारा दिवसांनी तारीख देतो. बोलण्याचा आवाज येईल, गाण्याचं मात्र खात्रीनं सांगत नाही. तोवर गळ्याला जपा, गायचंच असेल तर दिवसाला अर्धा तास, त्याहून जास्त नाही. माझ्या डोळ्यांत पाणी वगैरे काही आलं नाही. रिक्षात बसल्या बसल्या मी बोटांवर तुमची गाणी मोजायला लागले. घरी आल्यावर बार्शीटाकळीच्या माझ्या वर्गमैत्रिणीला फोन केला, तिचा गळा तेव्हा माझ्याहून गोड होता. तिला तीन गाण्यांचे मुखडे येत होते, पुढचं काही नाही. ‘मले तं खिरापतच आठवते गं, तुह्या घरची करंजी,’ ती म्हणाली. नऊ गाणी, सगळीच्या सगळी, एका गळ्यात, आणि त्या गळ्यात गाठ.

आता घरातल्या घरात गाणं नीट भरून ठेवायचं तर काय काय लागतं, हे मला कुठं ठाऊक. मोबाइलवर भरून पाहिलं, तर टिपरीचा ठोका पडला की माझा आवाज मागे दबायचा, जसा काही घाबरून. मोबाइल आपल्या मनानंच आवाज वरखाली करतो म्हणे. मग आमच्या ह्यांनी हे काम अंगावर घेतलं आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. हे वीज मंडळातून निवृत्त झालेत, तारेची जाडी बघितल्याशिवाय मिक्सरसुद्धा घेत नाहीत. आमच्या घरी कूलर आला तो दोन उन्हाळे चौकशी झाल्यावर. चार दिवस यांनी वहीत रकाने आखले. कोणता माइक, कोणता हेडफोन, माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे बसवायची ती डबी, जिला इंटरफेस म्हणतात, ती एका भोकाची की दोन भोकांची. मग सॉफ्टवेअर, फुकटातलं की विकतचं. रोज संध्याकाळी नवे व्हिडिओ, रोज नवं मत. चौथ्या दिवशी माझा तोल गेला.

‘तुमाले दिवस दिसून नाई राह्यले काय? आठ उरले.’

‘अवं, घाई कावून करून राह्यली? चुकीचं सामान आनलं तं तेच दिवस वाया जातीन ना.’

‘आनाच काहीतरी. माह्या मयतीले वाजवसान का मंग?’

हे असलं बोलायला नको होतं. ते वही मिटून उठले आणि पायात चपला सरकवल्या, मी मागे स्कूटरवर बसले. दुकान राजकमल चौकाच्या पलीकडे, तिथं सगळा माल मांडववाल्यांचा आणि डीजेवाल्यांचा. माणसाएवढाले स्पीकर भिंतीला लावलेले. दुकानदारानं मला पाहून काळा, जाळीच्या बोंडाचा एक माइक पुढे केला. ‘काकू, हा घ्या. भजनी मंडळं हाच नेते. पडला, झडला तरी काही होत नाई.’ ह्यांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. यांच्या वहीत कंडेन्सर माइक पहिला आला होता, कारण तो बारीकातला बारीक आवाज टिपतो आणि त्याला डबीतून अठ्ठेचाळीस व्होल्टचा करंट पुरवावा लागतो. करंट म्हटल्यावर वीज मंडळाचा माणूस विरघळणारच. मलाही वाटलं, बाईंची गाणी आहेत, भारीतलाच आणावा. दुकानदार म्हणाला, ‘हा लय कान देते, काकू. घरात शांतता पायजे.’ आम्ही दोघंही एकदमच म्हणालो की आमच्या घरी शांतताच असते, लेकरं बाहेरगावी, आम्ही दोघंच.

बाई, होळी झाली की आमच्याकडे कूलर लागतो तो मृग लागेस्तोवर बंद होत नाही. तीस वर्षं आम्ही त्याच्या घरघरीत जेवलो, भांडलो, झोपलो. तो आवाज आम्हाला ऐकूच येत नाही. उन्हाळ्यात वऱ्हाडातल्या माणसाच्या लेखी कूलर म्हणजेच शांतता. दोन दिवस, रोज अर्धा तास, डॉक्टरांनी दिलेलं माप पाळून मी पहिली तीन गाणी त्या भारीतल्या माइकपुढे गायले, चांगली गायले, आणि दुसऱ्या संध्याकाळी हेडफोन घालून ऐकायला बसले तर कानात अख्खा कूलर. पंख्याची घरघर, पंपाच्या पाण्याची टपटप, मधेच शेजारच्या कुकरची शिट्टी. त्या सगळ्याच्या मागे कुठंतरी मी. हे म्हणाले, सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायची सोय आहे. काढली. घरघर गेली आणि तिच्याबरोबर माझा श्वास गेला, ‘स’ आणि ‘श’ गेले, उरला तो आवाज विहिरीत बसून बोलल्यासारखा. त्यांनी पुन्हा करून पाहिलं, थोडी कमी, थोडी जास्त. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. तीन गाण्यांचा गळा मी फुकट घालवला होता आणि तो कुठल्या दुकानात परत मिळणार नव्हता. त्या संध्याकाळी वरचा पंचम लागेनासा झाला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच आम्ही पायरीवर. दुकानदारानं तोच जाळीच्या बोंडाचा काळा माइक काढून दिला. ‘तोंडापासून चार बोटं धरा. जवळचं आयकते, दूरचं सोडून देते.’ घरी आल्यावर यांना काय सुचलं कोण जाणे, घरातल्या सगळ्या गाद्या काढल्या. आपल्याकडे पाहुण्यांसाठी म्हणून दर दिवाळीला एक गादी भरून घ्यायची खोड, आमच्या माळ्यावर अकरा निघाल्या. दोन कपाटांच्या मधे त्या उभ्या करून, वर रजई टाकून यांनी एक खोपटं उभारलं. फोमचे तक्ते यांच्या वहीत होते, पण ते मागवून यायला आठवडा लागणार होता आणि कापसाच्या मुलखात फोम कशाला हवा. पहाटे साडेपाचला कूलर बंद करून, फ्रिजची पिन काढून मी त्या खोपट्यात शिरायची आणि हे बाहेर वेताच्या मोढ्यावर बसून डबीवरचं बटण धरायचे. टिपरी वाजली की डबीवर लाल दिवा लागायचा, म्हणजे आवाज फाटला. हे बटण कमी करायचे, मग माझा आवाज मरायचा. शेवटी मी टिपऱ्या गादीआड हात घालून वाजवल्या. तयार टिपऱ्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या, एक दाबली की घड्याळासारखी पडते. त्या मी दोन मिनिटं ऐकल्या आणि बंद करा म्हटलं.

सॉफ्टवेअरचंही तेच. यांना आवडलेलं होतं ते फार शहाणं होतं. सूर जरा हलला की आपणहून सरळ करायचं, ठोका मागेपुढे झाला की ओढून रेघेवर आणून बसवायचं, आणि गाताना कानात टकटक चालू ठेवायचं. तुमच्या गाण्यात तर कडव्याच्या शेवटी मुली फेरा पुरा करायला धावायच्या, म्हणून लय तिथं चढायची आणि मुखड्यावर परत बसायची. ती टकटक मला तिथं मागे ओढत होती. ‘अवं, ताल सोडून राह्यली तू,’ हे बाहेरून म्हणाले. ‘ताल नाई सोडला. पोरी पयून राह्यल्या,’ मी आतून म्हटलं. त्यांनी दुसरं, फुकटातलं, साधं सॉफ्टवेअर लावलं, ज्यात एक लाल बटण आहे आणि कात्री आहे. चार दिवसांत आठ गाणी झाली. रोज थोडा थोडा आवाज सोडून जात होता, सातव्यात तार षड्जाला नुसती हवा आली. मी चहा घेणं सोडलं, बोलणं सोडलं, फोन यांच्याकडे दिला. दवाखान्यात भरती व्हायच्या दिवशी सकाळी नववं गाणं उरलं होतं.

नववं म्हणजे तुमच्या मोर्णेचं. उन्हाळ्यात नदी आटते ती माहेरी गेली म्हणून. मी सुरू केलं, ‘मोर्णाबाई गेली माहेरी, वाळू ठेवली दारी.’ कडवी एकामागून एक आली. शेवटचं कडवं आलं, ‘आली मोर्णा परतून, पूर घेऊन पदरी’, आणि त्यापुढची ओळ, गाण्याची अगदी शेवटची ओळ, नव्हती. शब्द नाहीत, चाल नाही. मी थांबले, बाई. तुम्ही सांगितलं होतं तशी थांबले. टिपऱ्या हातात धरून त्या गाद्यांच्या आत घाम गाळत बसले. बाहेरून हे हळूच म्हणाले, ‘चालू हाये.’ पडद्यावर म्हणे नुसती सरळ रेघ पुढे पुढे जात होती. साडेआठला निघायचं होतं. गळ्यात एकदा, फार तर दोनदा गाण्याएवढं काही शिल्लक होतं. मला वाटलं, मी अशीच थांबून राहिले तर हे गाणं कायमचं नदीला दारात उभं ठेवून संपेल.

मग मी मनचं घातलं. ‘उजळून दिवे हाती सारे गेले सामोरी.’ चालही मीच वर नेली, जशी टाळ्या घेणारी ओळ वर जाते तशी. ‘सामोरी’वर आवाज फाटला. यांनी ती मधली सरळ रेघ कात्रीनं कापली आणि दोन्ही टोकं जुळवली. आता ऐकलं तर मी थांबले होते हे कोणाला कळणार नाही. जाता जाता यांनी नऊही गाणी आमच्या शाळेच्या मुलींच्या ग्रुपवर टाकली. मी शुद्धीवर आले तोवर चाळीस निरोप आले होते. सगळ्या जणी नवव्या गाण्यावर जीव टाकून राहिल्या आहेत. शेवटच्या ओळीला तुझा आवाज भरून आला तिथं आम्ही रडलो, बाईंनी किती गोड शेवट केलाय, असं एकीनं लिहिलं आणि बाकीच्यांनी तिच्याखाली हात जोडले. बार्शीटाकळीची म्हणते, मला हीच ओळ आठवत होती, जिभेवर होती नुसती.

काल दुपारी मी पलंगावर पडले होते आणि हे कूलरमध्ये पाणी भरत होते. आमच्याकडे नळाला जोर नाही, म्हणून बादलीनं भरावं लागतं. एक बादली ओतली, दुसरी आणायला गेले, जाताना माझ्याकडे पाहिलंही नाही, कारण मी काही बोलू शकत नाही आणि कामाच्या माणसानं कुठं कुठं पाहावं. दुसरी बादली ओतली आणि तुमची ओळ आली. शब्द आणि चाल एकदम, दाराआडून कोणी पुढे यावं तशी. ‘कोनी पुसलं नाई तिले, पानी भरून नेलं घरी.’ आणि चाल वर जात नाही, बाई. ती खाली उतरते आणि मुखड्यावर बसतसुद्धा नाही, तशीच सुटते. म्हणून तर शेवटच्या फेऱ्याला आमच्या टिपऱ्या चुकायच्या. मी उठून बसले, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. यांनी विचारलं, ‘काय पायजे?’ मी पाटीवर लिहिलं, ‘काही नाही.’

त्यानंतर मला झोप नाही. तुकड्याचा निकाल काय येईल त्याची धास्ती आहेच, ती काही मी लपवत नाही. पण तिच्याहूनही जास्त मला तुमच्या घरातली ती दुपार छळते आहे. तुम्ही जायच्या दोन महिने आधी मी अमरावतीहून बसनं अकोल्याला आले होते. तुम्ही खाटेवर, कुशीवर, हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. उशाशी औषधांचा डबा आणि एक ओला रुमाल. आमच्या कॉलनीतल्या मुलींची भुलाबाई बसवायची होती, म्हणून मला नवव्या गाण्याची शेवटची ओळ हवी होती. ती तेव्हाच गेली होती माझ्याकडून, आणि गेली आहे हेही मी पुढे विसरून गेले. मी खुर्ची ओढली आणि तेच विचारलं. तुम्ही माझ्याकडे बराच वेळ पाहिलंत.

‘तुले येते ते.’

‘नाही येत, बाई. म्हणून तर आले.’

‘मंग थांब जराशी. आठवीन मी.’

तुम्ही डोळे मिटलेत. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. खोलीत औषधाचा वास होता आणि तुमच्या श्वासात एक शिट्टी होती, ती मला ऐकवत नव्हती. पाच मिनिटं झाली असतील. मी उठले आणि म्हटलं, बाई, बस सुटेल माझी, पुन्हा येईन. तुम्ही डोळे न उघडता मान हलवलीत. आले तेव्हापासून उठेपर्यंत ‘बाई, तुम्ही कशा आहात’ हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

सोमवारी आवाज आला आणि त्याच्यानं खाली उतरवलं, तर मी तुमची ओळ त्या काळ्या माइकपुढे गाईन. गाता नाही आलं तर नुसती म्हणेन, आणि माझी ओळ माझी होती हेही म्हणेन. गाद्या अजून काढू दिल्या नाहीत मी. ग्रुपवर मात्र अजून काही लिहिलेलं नाही. दोनदा लिहिलं आणि दोनदा पुसलं, कारण खरं सांगायचं तर तिथली वाहवा मला गोड लागते आहे. हा कागद माइकच्या रिकाम्या खोक्यात टिपऱ्यांखाली ठेवते. यांना दाखवणार नाही, आणि तुमच्यापर्यंत तो पोचायची काही सोय नाही.

एकच राहिलं. त्या दिवशी माझी बस सुटणार नव्हती, बाई. तिला अजून तासभर होता. मी अकोल्याच्या स्टँडबाहेर रसवंतीच्या बाकावर पंख्याखाली बसून राहिले आणि दोन ग्लास उसाचा रस प्यायले.